शेवंतीची आखणी

तर उंदराचे डोळे. काल तिथवर आलो आणि पोदेराचा भोंपू वाजला. तुम्ही पाव घ्यायला उठलात, मीही उठलो, कारण उंडे पाव संपले की आमच्या घरातला चहा कडू होतो. म्हणून आज उंदरापासूनच सुरू करू.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. शेवंती म्हणजे माझ्या धाकट्या काकाची मुलगी. जन्म कोरगावचा, दिली हरमलला, भिकाजीच्या घरी. त्या घरात गणपतीची शाळा. आमच्याकडे मूर्ती घडवायच्या जागेला शाळाच म्हणतात. फरक एवढाच की या शाळेतून सगळे पास होऊनच बाहेर पडतात. माती मळायला नवरा गोकुळदास, रंगवायला घरातली झाडून सगळी माणसं. पण डोळे काढायचे ते सासऱ्याने, भिकाजीनेच. त्याला आखणी म्हणतात. सगळा रंग झाला, दागिने झाले, की शेवटी आखणी. सकाळी आंघोळ करून, समोर निरांजन लावून, तोंडातून शब्द न काढता. आणि भिकाजीचा नियम असा, की एकदा अंगावर रंग चढला की कुठलंही सोंग, देव असो की उंदीर, डोळ्यांवाचून ठेवायचं नाही. आंधळी मूर्ती घरात राहिली की त्याला जेवण जायचं नाही.

नवी सून म्हणाली, "मामा, मी आखणी करून बगू?" सासरा हसलासुद्धा नाही. त्याने गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर उचलून तिच्या हातावर ठेवला.

"आदी हेका बगाक शिकय," म्हणाला. "देवाचा मागीर बगू."

आता त्याला काय ठाऊक की ही मुलगी कोरगावात काजूच्या बियांना डोळे काढत मोठी झाली होती! काकाची काजूची बाग, बी सुकत घातलेली, आणि ही कोळसा घेऊन एकेका बीला डोळा काढत बसलेली. एकदा पेडण्याचा व्यापारी आला, पोतं सोडलं, हात आत घातला आणि तसाच मागे घेतला. "हें कितें? सगळीं माज्याकडे बघतत," म्हणाला. काका तिच्यावर ओरडला, पण व्यापाऱ्याने त्यातल्या मूठभर बिया आपल्या मुलांसाठी म्हणून खिशात टाकल्या, तेव्हा काकाचा राग निवळला.

तर उंदीर. कितीतरी चतुर्थ्या तिच्या वाट्याला उंदीरच आले. तिने तक्रार केली नाही. पण मग एक वर्ष असं झालं की खालच्या वाड्यावरचा दत्ताराम आपला गणपती विसर्जन करून थेट भिकाजीकडे आला. म्हणाला, "औंदा तुमचो उंदीर कसो केलास? आरती चालू आसताना तो मोदकावर टपलेलो, नि आमचीं पोरां हसान हसान पडतत. सुखकर्ता म्हणूक कोण नाय." भिकाजी त्याला म्हणाला, बस, चहा घे. आणि सुनेला हाक मारून म्हणाला, "फुडल्या वर्सापासून देवाची आखणी तुजी." झालं. तेव्हापासून आजपर्यंत हरमलमधल्या बऱ्याच घरांत जो देव बघतो, तो शेवंतीच्या हातून बघतो. म्हातारा गेला, शाळा गोकुळदासकडे आली, मुलगा किनाऱ्यावर शॅक चालवतो, सून ऋतिका मागच्या खोल्या पाहुण्यांना देते, पण आखणीचं आसन अजून शेवंतीचंच.

त्या मागच्या खोल्यांतल्या एकीत दिवाळी झाली की पिलार येते. स्पेनची. गोव्यात पिलार नावाचं गाव आहे, म्हणून पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा गोकुळदास म्हणाला, "पिलार? ता तर आगशीच्या वाटेर आसा." तिला वाटलं हा रस्ता सांगतोय, ती स्कूटरची किल्ली घेऊन उभी राहिली. तेव्हापासून घरात ती पिलारबाय. बाई पन्नाशीची, हाडापेराने मजबूत, हाताची नखं कायम रंगीत. तिचा धंदा असा की तिच्या देशातल्या चर्चमधून, म्हणजे आमच्या भाषेत इगर्जींतून, लाकडी फळ्यांवर काढलेली जुनी चित्रं असतात, पाचशे-साडेपाचशे वर्षांची, ती दुरुस्त करायची आणि कुणाला हवी तर तशीच्या तशी दुसरी करून द्यायची.

गेल्या हिवाळ्यात ती आली ती असंच एक काम घेऊन. आरागॉन म्हणून तिकडे डोंगराळ मुलूख आहे, त्यात तिच्या आजीचं गाव. गाव म्हणजे किती, तर आपल्या एका वाड्याएवढं. तिथल्या इगर्जीत सां मिगेल या देवदूताचं चित्र होतं. त्या चित्राला भुंगा लागला म्हणून शहरातल्या संग्रहालयाने ते सांभाळायला नेलं आणि परत काही दिलं नाही. भिंत मोकळी राहिली. म्हाताऱ्या बायका मोकळ्या भिंतीपुढे मेणबत्त्या लावू लागल्या. पिलारने गावाला शब्द दिला की सप्टेंबरातल्या फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, आत मी तुम्हाला तुमचा सां मिगेल करून देते, अगदी होता तसा. आणि करायला आली हरमलला. मी विचारलं, इथे का? तर ऋतिकाने मला तिचं उत्तर मराठीत सांगितलं, "म्हणते की इथे कुणी मध्ये बोलत नाही." हरमलबद्दल असं कुणी म्हटलेलं मी माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

फळी कोरगावच्या धाकू मेस्ताने केली. जुन्या फणसाची, तीन तुकडे सांधून, मागे आडव्या पट्ट्या मारून, जवळजवळ दाराएवढी. त्यावर तिने कापड चिकटवलं, सरस आणि पांढऱ्या मातीचे थर दिले, घासले, पुन्हा दिले. शेवंती दारात उभी राहून बघायची. तिला ते कळत होतं. माती, सरस, घासणं, वाळवणं, यात तिला कुणी परकं वाटण्याचं कारण नव्हतं. मग सोन्याचा वर्ख. वर्खाखाली लाल माती लावतात. मी म्हटलं, लाल माती पाहिजे ना, माझी मुलगी कारापूरला दिलीय, त्या बाजूला मातीशिवाय दुसरं काय आहे! डिचोलीहून बसने पिशवीभर आणली. पिलारने चिमूटभर बोटांत चोळली, माझ्याकडे बघून फार गोड हसली, आणि पिशवी माडाच्या बुंध्याशी ओतली. रेव जास्त होती म्हणे. माड मात्र खूश.

रंग कालवायचे अंड्याच्या पिवळ्या बलकात. जुनी रीत तशी. सकाळी पोदेराकडून दोन पाव, दुकानातून अंडी. पांढरं तव्यावर जायचं आणि पिवळं वाटीत. सोमवारी मात्र या घरात अंडं फोडत नाहीत. पहिल्या सोमवारी शेवंतीने दारातच हात आडवा केला. पिलारने काही विचारलं नाही, अंडी परत पिशवीत ठेवली आणि त्या दिवशी नुसत्या रेघा ओढत बसली. पुढे सोमवार हा रेघांचाच वार झाला. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. पिलारला आपल्याकडचे जेमतेम शब्द येतात, शेवंतीला पिलारच्या भाषेतला एकही नाही, पण दुपारभर दोघी एका पाटावर रंग घोटत बसायच्या आणि गोकुळदास मला सांगायचा, "दिसभर गजाली चलतत. काय बोलतत ता देवाक म्हायत."

शेवटी शेवटी पिलार जागा शाळेचीच वापरू लागली, कारण चतुर्थी लांब होती आणि शाळा रिकामी. पिलारने शेवंतीला काम दिलं ते चित्रातल्या फरशीचं. त्या चित्रांत पायाखाली नक्षीची फरशी असते, चौकोनाला चौकोन. मग काठाची वेलबुट्टी. शेवंतीने ते असं केलं की पिलार तिच्या हाताचा मुका घेऊन गेली, आणि शेवंतीने तो हात संध्याकाळपर्यंत पदरात लपवला.

आता चित्र कसं, ते नीट ऐका. पाठीमागे सगळं सोनं. मधोमध सां मिगेल उभा, अंगात चिलखत, पाठीला मोरासारखे पंख, एका हातात भाला, दुसऱ्यात तराजू; त्यात माणसांचे आत्मे तोलतो. चेहरा इतका शांत, की भांडणात आपण आहोत हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. आणि त्याच्या पायाखाली उताणा पडलेला सैतान. हिरवट, खवल्यांचा, पोटावरही एक तोंड. भिंतीवर मूळ चित्राचा मोठा फोटो लावला होता, त्यात बघून पिलार काम करायची. त्या फोटोत सैतानाला डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे ओरखडे. आम्हाला सगळ्यांना वाटलं, जुनं चित्र, झिजलं असेल.

मार्चमध्ये चित्र पुरं झालं. म्हणजे पिलारच्या लेखी पुरं झालं. सां मिगेलचे डोळे तिने काढले, आत्म्यांचे काढले, आणि सैतानाच्या डोळ्यांच्या जागी फोटोत होते तसे पांढरे ओरखडे सोडले. मग कसल्याशा कागदासाठी तिला पणजीला दोन दिवस जावं लागलं. जाताना शेवंतीला खुणेने सांगून गेली, मी आले की वरून वार्निश, मग पेटीत.

शेवंती चित्रासमोर बसली. तिला आता सगळं स्पष्ट दिसलं. शाळेतली रीत काय, तर डोळे शेवटी. मोठ्याचे डोळे मालकाने काढले, पायाशी असलेल्याचे ठेवले. कुणासाठी? ऋतिका तिला म्हणालीसुद्धा, "आई, ता चित्र तसाच आसा फोटोत. हात लावू नकात."

"फोटोत झिजलेले आसत गो," शेवंती म्हणाली. "तिणें माज्यासाठी सोडलेत. मामांनी उंदीर सोडलेलो तशे."

"तो उंदीर. हो सैतान."

"बगूक दोगांकय डोळेच लागतत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तिने निरांजन लावलं. मी त्याच वेळी नेमका तिथे टपकलो, पण आखणी चालली की त्या घरात कुणाला हाक मारायची नाही, म्हणून गोकुळदासबरोबर उंबऱ्यावर बसलो. वाटीतला बलक, काळा रंग, केसाएवढा कुंचला. तिने आधी ओरखडे पांढऱ्याने सारखे केले, मग डोळे दिले. उठली तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान की मी म्हटलं, हिला आज कुणी काही मागितलं तर देऊन टाकेल. आम्ही आत गेलो. सैतान वर बघत होता. बुबुळं पार वर चढलेली, पापण्या ताणलेल्या. मी त्या पोटावरच्या तोंडाकडे आधी बघायचो, आता ते दिसेनाच. गोकुळदास म्हणाला, "आता हो खरो पडलो."

पिलार परत आली. पाठीवरची पिशवी खाली ठेवली, चित्राकडे बघितलं, आणि शाळेच्या जमिनीवर बसली. शेवंती आधी हसत होती, मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्यातला जीव गेला. शेवंतीने ऋतिकाला बोलावलं.

ऋतिकाने इंग्रजीत विचारलं, ऐकलं, आणि आमच्याकडे वळून सांगितलं ते असं. ते डोळे झिजलेले नव्हते. गावातल्या बायकांनी ते खरवडून काढलेले होते. शेकडो वर्षं, पिढ्यान् पिढ्या. कुणाचं मूल तापाने गेलं, कुणाचा नवरा लढाईत गेला, की बाई इगर्जीत यायची, कंबरेची घराची किल्ली काढायची आणि सैतानाचे डोळे ओरबाडायची. पिलारच्या आजीनेही ओरबाडले होते. गावाने तिला बजावून सांगितलं होतं, बाकी काही कमीजास्त झालं तर चालेल, ते ओरखडे तेवढे हवेत, त्यात आमच्या आयाआज्यांचे हात आहेत.

शेवंतीने सगळं ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही. आत गेली, आणि शाळेतली माती खरवडायची पातळ पाती घेऊन आली. पिलारच्या हातात दिली.

"काड," म्हणाली. "चित्र तुजा."

तुम्हाला सांगतो, मी त्या बाईला साठ वर्षं ओळखतो. दिलेले डोळे काढून घ्यायचे, हे तिच्यासाठी काय होतं ते गोकुळदासला कळलं. तो उठून विहिरीवर गेला. बलकाचा रंग पुसला जात नाही, सुकला की दगड. काढायचा तर खरवडूनच. पिलारने पाती घेतली, चित्राजवळ गेली, वाकली. आणि तशीच वाकून राहिली. मग पाती खिडकीत ठेवली आणि ऋतिकाला म्हणाली, की मी पंचवीस वर्षं जुनी चित्रं दुरुस्त करतेय, हे डोळे वाईट असते तर एव्हाना काढून मोकळी झाले असते. पण चित्र माझंही नाही. गावाला विचारू. रविवारी सकाळची प्रार्थना, म्हणजे मीस, सुटली की सगळे इगर्जीतच असतात.

तोवरचे दिवस घरात कठीण गेले. शेवंतीने चित्रावर चादर टाकली. कुंचले धुऊन उलटे ठेवले. दत्तारामची सून नव्या घरासाठी देव्हाऱ्यावरच्या गणपतीची आखणी करून घ्यायला आली, तर तिला म्हणाली, "फुडल्या आठवड्यात ये. नायतर येवच नको, दुसरो कोण बग." ऋतिका मला बाहेर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "दादामामा, जर तिकडून नकार आला ना, तर आई पुन्हा कुंचला धरायची नाही. मला ठाऊक आहे." मलाही ठाऊक होतं, पण मी म्हटलं, तू खोल्यांचं बघ.

रविवार आला. तिकडची मीस सुटली तेव्हा आमच्याकडे ऊन कलायला लागलं होतं. शाळेत आम्ही सगळे. पिलारने चादर काढली, फोन चित्रासमोर धरला. पलीकडे, त्या लहानशा पडद्यावर, कोट घातलेली पंधरावीस माणसं, बहुतेक बायका, बहुतेक म्हाताऱ्या, एकमेकींना ढोसत फोनमध्ये डोकं घालत होत्या. पाद्री मागे कुठेतरी होता, त्याचं नुसतं टक्कल दिसायचं. आधी सगळ्या हरखल्या. सोनं, पंख, तराजू. फरशी दाखवल्यावर एकीने दोन्ही हात जोडून गालाला लावले. मग पिलार फोन खाली नेऊ लागली.

गलका थांबला. आणि मग असा काही पुन्हा सुरू झाला, की आमच्या बाजारात मासे उतरताना होतो त्याच्या वरताण. एक बाई रागाने हात नाचवत होती. ऋतिकाला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ती हळूच म्हणाली, "हिला भाषा कशाला पाहिजे." शेवंती भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडाशी.

तेवढ्यात बाकावर बसलेली एक म्हातारी, सगळ्यांत म्हातारी, काठी आपटून बोलली आणि बाकीच्या गप्प झाल्या. पिलारने शेवंतीला हाताला धरून फोनसमोर आणलं. म्हातारीने तिच्याकडे नीट बघून घेतलं. शेवंतीनेही पदर खाली केला आणि तिच्याकडे बघितलं. म्हातारी काय म्हणाली, ते पिलारकडून इंग्रजीत आणि ऋतिकाकडून आमच्या भाषेत आलं.

"आई, ती आजी विचारते, आमच्या आज्यांनी याचे डोळे काढायला पाचशे वर्षं घातली. तू त्याला परत कशाला दिलेस?"

शेवंतीने उत्तर दिलं. ते काय ते सांगतो, घाई करू नका; आधी पुढचं उरकून घेऊ. उत्तर उलट्या वाटेने ऋतिकाकडून पिलारकडे आणि पिलारकडून त्या इगर्जीत पोचलं. मग ती म्हातारी हसायला लागली. आधी खांदे हलले, मग काठी हातातून पडली, मग रागावलेली बाईसुद्धा तोंड फिरवून हसली, आणि मागून पाद्र्याचं टक्कल हललं. म्हातारीने सांगितलं, पाठवा. आहे तसं पाठवा. आणि आम्हाला वाटलंच की हे डोळे नकोत, तर आमच्या किल्ल्या आमच्याकडे आहेत.

शेवंतीने त्याच संध्याकाळी दत्तारामच्या सुनेला निरोप धाडला की गणपती घेऊन ये. धाकू मेस्ताने पेटी केली. पावसाच्या तोंडावर चित्र गेलं, सप्टेंबरात फेस्ताला भिंतीवर चढलं. पिलारने फोटो पाठवला तो ऋतिकाच्या फोनवर आहे, कुणालाही दाखवते. यंदा दिवाळीनंतर पिलार आली तेव्हा मी पहिलं तेच विचारलं, किल्ली लागली का डोळ्यांना? म्हणाली, अजून नाही. बायका येतात, बघतात, आणि म्हातारीने सांगितलेलं शेवंतीचं उत्तर एकमेकींना सांगतात. मधल्या लोकांनी त्याचं काय केलं असेल ते मला माहीत नाही, दोन भाषा ओलांडून गेलंय ते. पण मी तिच्या शेजारी उभा होतो. त्या म्हातारीच्या डोळ्याला डोळा देऊन शेवंती म्हणाली ते जसंच्या तसं असं:

"आजयेक सांग, डोळे काडून टाकले तर तो सुटलो गो. आपण कोणाच्या पायाखाली पडलो, ता तेका दिसाक नको?"